ट्रेलर मागे असताना गिअरबॉक्स काय सांगतो?

डिझेल पिकअपला ट्रेलर लावला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची चाल बदलते, आणि रोज सवयीची गाडी अचानक परकी वाटायला लागते. या वेळच्या पत्रांत याच विषयाचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून बाकीची बाजूला ठेवून आज फक्त तेच घेतो.

प्रश्न : माझ्या गाडीला सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. ट्रेलर लावून लांब चढ लागला की गिअर सहा-पाच, सहा-पाच असं करत राहतो. क्रूझ कंट्रोल लावला तर आणखीच. गिअरबॉक्स जातोय का?

अजून जात नाहीये. पण रोज असंच चालू दिलंत तर लवकर जाईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सहाव्यात इंजिनाची ताकद पुरत नाही, म्हणून कॉम्प्युटर पाचवा टाकतो. गाडी थोडा वेग धरते, ॲक्सिलरेटर सैल होतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं, आता सहावा चालेल. सहावा पडला की गाडी पुन्हा दमते. या प्रत्येक फेरीत टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातल्या तेलाच्या जोडणीचा) लॉक सुटतो, एक क्लच सुटतो, दुसरा घसरत घसरत पकड घेतो. त्या घसरण्याची उष्णता तेलात उतरते. क्रूझ कंट्रोलला पुढचा चढ दिसत नाही. तो वेग पडल्यावर जागा होतो आणि मग एकदम जास्त इंधन मागतो.

आता एकदा आकडे मांडू, कारण त्याशिवाय पुढचं पटत नाही. उदाहरणासाठी ॲलिसन १००० या सहा-गिअर गिअरबॉक्सची गुणोत्तरं (गिअरबॉक्सबाहेरच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) घेऊ : चौथा १.००, पाचवा ०.७१, सहावा ०.६१. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३ आणि टायरचा घेर अडीच मीटर धरू. ताशी ९० किलोमीटरला इंजिन सहाव्यात साधारण १३६५ आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) फिरेल, पाचव्यात १५९० वर, चौथ्यात २२४० वर.

गाडी आणि ट्रेलर मिळून वजन ८ टन, चढ ६ टक्के. त्याच वेगाने नुसती उंची चढायलाच सुमारे ११८ किलोवॅट लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध धरला की हा आकडा १७५ च्या आसपास जातो. तेवढं काम काढायला इंजिनाने सहाव्यात १२२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायला हवा, पाचव्यात १०५०, चौथ्यात फक्त ७५०. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ८८० असेल, तर सहावा आणि पाचवा दोन्ही बाद. या चढाचा गिअर चौथाच. गिअरबॉक्स सहा आणि पाच यांत घोटाळतोय, आणि खरा गिअर त्या दोघांच्याही खाली आहे.

इथे बरेच जण म्हणतात, मग मी पाचव्यातच वेग कमी करतो. त्याने फारसं साधत नाही. गिअर तोच असेल तर इंजिनावरचा टॉर्क चाकाला लागणाऱ्या जोरावर ठरतो, आणि चढाचा जोर वेग कमी केला म्हणून कमी होत नाही. कमी होतो तो फक्त हवेचा विरोध. ताशी ९० चे ७५ केलेत तरी वरच्या उदाहरणात पाचव्यात ९८० च्या आसपास टॉर्क लागतोच. वेग जरूर कमी करा, पण गिअरही खाली आणा.

उपाय सोपा आहे. चढ दिसला की क्रूझ बंद करा, टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा, आणि तरीही गिअर घोटाळत असेल तर लिव्हर किंवा बटणाने वरचे गिअर बंद करून चौथ्याला बांधून ठेवा. माथा ओलांडला की मोकळं करा.

२२४० आरपीएमच्या आवाजाला घाबरू नका. डिझेल इंजिन त्या वेगाला आरामात चालतं. पाण्याचा पंप आणि गिअरबॉक्समधला तेलाचा पंप दोन्ही इंजिनाच्या वेगावर फिरतात, त्यामुळे आरपीएम वाढलं की थंडावाही वाढतो. उलट १४०० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरत ठेवलंत, तर हवा कमी आणि इंधन जास्त अशी अवस्था होते, सायलेन्सरकडे जाणारा धूर तापतो आणि पिस्टन-टर्बो होरपळतात. धुराच्या तापमानाचा काटा लावलेला असेल तर गिअर खाली टाकल्यावर तो काही सेकंदांत उतरताना दिसतो. एकदा ते पाहिलंत की मला पटवत बसावं लागणार नाही.

प्रश्न : शेवटचा गिअर पडून गेल्यावरही हलकासा धक्का बसतो आणि आरपीएमचा काटा थोडा खाली येतो. कधी पुन्हा वर जातो. सहा गिअरच्या गाडीत हा सातवा गिअर कुठला?

तो टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच. कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात एरवी फक्त तेल असतं. गाडी जागेवरून उचलताना तेच तेल टॉर्क जवळजवळ दुपटीपर्यंत वाढवून देतं, म्हणून ओझं इतकं अलगद हलतं. पण चालत्या गाडीत ही तेलातली घसरण म्हणजे नुसती उष्णता. म्हणून ठरावीक वेगानंतर एक क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो.

नक्की लॉकअपच आहे का, ते घरच्या घरी पाहता येतं. रिकामी गाडी, मोकळा सपाट रस्ता, ॲक्सिलरेटर स्थिर. ब्रेकला दिवा लागण्यापुरता हलका स्पर्श करा. लॉक सुटला तर आरपीएम पटकन थोडं वर जाईल, पाय काढल्यावर परत येईल. गिअर बदलताना मात्र आरपीएम दर वेळी त्याच प्रमाणात बदलतं, कारण गुणोत्तर ठरलेलं असतं.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. लॉक लागताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, दोन-तीन सेकंद, आणि नंतर शांत झाली, तर ते तेल थकल्याचं लक्षण असू शकतं. आधी कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच तेल आणि फिल्टर बदला. तेवढ्याने थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर कन्व्हर्टर उतरवावा लागेल, आणि तो आताच उतरवलेला बरा. त्याच्या क्लचचा भुगा तेलातून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वळवणाऱ्या झडपांच्या भागात, पोचला की खर्च कितीतरी वाढतो.

प्रश्न : टो/हॉल लावून उतरताना ब्रेक दाबला की गाडी आपोआप खालचा गिअर टाकते आणि इंजिन ओरडायला लागतं. मी लगेच मोड बंद करतो. बरोबर ना?

नाही. कृपया हे करू नका. या पत्रांतला सगळ्यात जिवाशी संबंध असलेला प्रश्न हाच आहे.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. डिझेलमध्ये हवेची वाट तशी आवळली जात नाही, फक्त इंधन थांबतं, त्यामुळे नुसत्या डिझेलची ओढ कमी असते. ती भरून काढायला एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो टर्बोच्या पात्या मिटून किंवा धुराच्या नळीतली झडप लावून धूर अडवतो आणि इंजिनाला त्याविरुद्ध झगडायला लावतो. ही ओढ आरपीएम जितकं जास्त तितकी जास्त. १४०० ला ती जेमतेम जाणवते, २५०० ला ट्रेलरसकट गाडी धरून ठेवते. म्हणून गिअरबॉक्स खालचा गिअर टाकतो आणि कन्व्हर्टरचा लॉकही लावून ठेवतो. तो आवाज म्हणजे तुमचे ब्रेक वाचत असल्याचा आवाज आहे.

पद्धत अशी ठेवा. उताराला लागण्यापूर्वीच वेग कमी करा. वेग वाढायला लागला की ब्रेक ठाम दाबा, ठरवलेल्या वेगाच्या थोडं खाली आणा आणि पूर्ण सोडा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नका, पॅड तापत जातात आणि गरज पडेल तेव्हाच ब्रेक हातचे जातात. आणखी एक : उतारावर इंजिनाला चाकं फिरवतात, त्यामुळे इंधन तोडून आरपीएम आवरता येत नाही. वेग आधीच जास्त असेल तर गिअरबॉक्स इंजिन वाचवण्यासाठी खालचा गिअर टाकायला नकार देतो. तुम्ही लिव्हर ओढत राहता आणि काहीच होत नाही. अशा वेळी आधी ब्रेकने वेग पाडा, मग गिअर मिळेल.

प्रश्न : गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान किती झालं की काळजी करायची?

तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअस असेल तर निवांत राहा. ओझं घेऊन चढताना १०५ पर्यंत गेलं तर चालतं. ११० च्या पुढे सरकत राहिलं तर गिअर खाली आणा आणि वेग कमी करा. १२० ला बाजूला थांबा, पण इंजिन बंद करू नका. पार्कमध्ये १००० ते १२०० आरपीएमवर काही मिनिटं चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. जुना ठोकताळा असा की ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक तेलं यापेक्षा चिवट आहेत, पण दिशा तीच. तुमचा काटा तेलाच्या टाकीचं तापमान दाखवतो की कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचं, हे मात्र गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. दुसरं खूपच जास्त असतं.

तेल सर्वांत भराभर तापतं ते मोठ्या रस्त्यावर नव्हे, ट्रेलर चढावर उलटा लावताना. लॉक नाही, वेग नाही, सगळा जोर तेलातच घुसळला जातो. तुमच्या गाडीत फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत खालचा टप्पा) असेल आणि जमीन मातीची किंवा खडीची असेल तर तिथे ते वापरा. कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना वापरू नका.

प्रश्न : ताकद वाढवणारा बॉक्स इंजिनाला जोडला. रिकामी गाडी छान पळते, पण ट्रेलर लावला की गिअर पडताना आरपीएम एकदम उसळतं. दोष कुणाचा?

बॉक्सचा. क्लच किती दाबाने आवळायचे हे गिअरबॉक्स स्वतः मोजत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला सांगतो की मी आत्ता इतका टॉर्क देतोय, आणि त्या हिशेबाने तेलाचा दाब ठरतो. असे अनेक बॉक्स इंधनाच्या दाबाचा खोटा, कमी आकडा इंजिनाच्या कॉम्प्युटरला दाखवतात, तो जास्त इंधन सोडतो, पण टॉर्कचा त्याचा अंदाज जुनाच राहतो. गिअरबॉक्स मग जुन्या टॉर्कपुरताच क्लच आवळतो. रिकाम्या गाडीत हे निभावून जातं. ओझं आलं की क्लच घसरतो, आणि ते उसळणारं आरपीएम म्हणजे तीच घसरण.

बॉक्स आजच काढा. मग तेलाची डिपस्टिक किंवा निचरा काढून पांढऱ्या कापडावर दोन थेंब टाका. लालसर आणि बिनवासाचं असेल तर वेळेत थांबलात. काळपट असून करपल्याचा वास येत असेल तर तेलाची चाळणी उघडून क्लचचा भुगा आहे का ते पाहून घ्या, आणि ते पाहीपर्यंत ट्रेलर लावू नका.