चोडणचे बगळे आणि फुकट मिळणारा डेटा

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीतल्या बगळ्यांवर प्रकल्प आहे. जीबिफ या खुल्या जैवविविधता भांडारातल्या नोंदी घेतल्या, पण एक्सेलमध्ये सगळा मजकूर एकाच रकान्यात येतो. शिवाय, फुकट मिळाल्या म्हणजे त्या वापरायला मोकळ्या का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : फाईलच्या नावाअखेर सीएसव्ही असले तरी आतले रकाने टॅबने तोडलेले असतात. डबल-क्लिक करू नका. कोरी शीट उघडून ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. विभाजक म्हणून टॅब आणि अक्षरांची पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडा.

फुकट वाचता येणे आणि वापरायची मुभा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी. जीबिफमध्ये ओळीओळीचा परवाना ‘लायसन्स’ रकान्यात असतो : सीसी झिरो (काहीच अट नाही), सीसी बाय (श्रेय द्या) किंवा सीसी बाय-एनसी (श्रेय द्या, पण धंद्यासाठी वापरू नका). प्रकल्पाला तिन्ही चालतात. उद्या त्याच नकाशाची विकाऊ पर्यटन-पुस्तिका करायची झाली, तर एनसीच्या ओळी काढाव्या लागतील. म्हणून हा रकाना पुसू नका.

खरी गफलत होते ती अक्षांश-रेखांशांत. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौ. किमी. अक्षांश दशांशाच्या दोनच स्थळांपर्यंत दिला असेल, तर ०.०१ अंश म्हणजे सुमारे १.१ किमी, बगळा खारफुटीत बसलेला आणि नकाशावर ठिपका मांडवीच्या पात्रात किंवा पलीकडच्या रायबंदरला! ‘कोऑर्डिनेट अनसर्टन्टी’ हा रकाना पाहा, पण तो रिकामा असला तर ठिपका अचूक आहे असे धरू नका. पक्ष्यांच्या पुष्कळ नोंदी ईबर्डवरून, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या याद्या टाकतात त्या संकेतस्थळावरून, येतात आणि तिथे ठिकाण असते ते पूर्ण यादीचे, त्या पक्ष्याचे नव्हे. एकाच बिंदूवर शेकडो नोंदी साचल्या असतील, तर तिथे निरीक्षक वारंवार गेले एवढेच कळते. त्यावरून बगळ्यांची संख्या काढली, तर प्रकल्पाचा पायाच चुकेल.

जुन्या शोधनिबंधातली कोष्टके जोडताना नावे जुळवून घ्या. मोठा बगळा तिथे एग्रेटा अल्बा असेल, आज तो आर्डिया अल्बा आहे; जुळवला नाहीत तर एकाच पक्ष्याच्या दोन जाती होतील.

लॉगिन करून उतरवलेल्या प्रत्येक संचाला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. प्रबंधात तोच द्या. नुसते ‘जीबिफवरून साभार’ लिहिले तर परीक्षकाला नेमक्या त्या नोंदी सापडणार नाहीत. उतरवलेली मूळ झिप फाईलही जपून ठेवा, स्वच्छता करायची ती तिच्या प्रतीवर.

प्रश्न : माझ्या स्वतःच्या नोंदी कुठे ठेवू?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : झेनोडोवर. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचे हे भांडार विनामूल्य आहे आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावते. सोबत रीडमी फाईल हवीच : तारखांची पद्धत, एकके, रिकाम्या चौकटीचा अर्थ. ‘पब्लिश’ दाबण्याआधी सगळे पुन्हा तपासा, कारण नंतर फाईल बदलायची तर नवी आवृत्ती काढावी लागते आणि तिला वेगळा डीओआय मिळतो. घरट्यांची नेमकी ठिकाणे मात्र उघड करू नका.