ग्रँट संपली की नोकरी संपते? स्तनकर्करोगाच्या कामात जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

पत्र

माझी मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, मायक्रोबायोलॉजी घेऊन. आम्ही भांडुपला राहतो. मी एका पतपेढीत हिशेब बघते, मिस्टर खासगी कंपनीत आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला. परळला टाटात उपचार झाले, आता ती बरी आहे. तेव्हापासून मुलीचं एकच चाललंय, काम करीन तर याच क्षेत्रात. गेल्या ऑक्टोबरात आमच्या वसाहतीत तपासणी शिबिर झालं, तिथे ती स्वयंसेविका होती. ज्या बायकांना हॉस्पिटलात दाखवायला सांगितलं होतं, त्यांची नावं वहीत लिहून ती नंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरी जात होती. पण नोकरीची चौकशी केली की सगळीकडे एकच ऐकू येतं, "प्रोजेक्ट पोस्ट आहे, ग्रँट असेपर्यंत." माझ्या चुलत दिरांचा मुलगा अशाच सरकारी प्रोजेक्टवर होता. प्रोजेक्ट बंद झाला आणि तो घरी बसला. आम्ही म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे नाहीतर बी.एड. कर. ती ऐकत नाही. काय करावं?
एक आई, भांडुप

उत्तर

ताई,

वहीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. शिबिरात तपासून घेणाऱ्या बायका पुष्कळ असतात. गाठ लागली, "पुढे दाखवा" म्हणून चिठ्ठी हातात पडली, की त्यातल्या कितीतरी घरी जाऊन गप्प बसतात. कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाला नवऱ्याला सांगायची भीती वाटते, कुणी "दुखत तर नाही" म्हणून पुढे ढकलते. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथेच घात होतो. अशा बाईच्या दारात पुन्हा जाणं, तिला सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सीपर्यंत घेऊन जाणं आणि कोण पोचलं, कोण राहिलं याची नोंद ठेवणं, याला या क्षेत्रात फॉलोअप म्हणतात. शिबिर एका दिवसात उरकतं, फॉलोअपला महिने लागतात, आणि बाईचा जीव वाचतो तो फॉलोअपमुळे. तुमच्या मुलीनं ते कुणी न सांगता केलं.

एक सूचना मात्र आजच द्या. त्या वहीत बायकांची नावं आणि त्यांच्या आजाराची माहिती आहे. ती वही कुलपात ठेवायला सांगा, कुणाला दाखवायची नाही, तिचे फोटो काढायचे नाहीत. आरोग्याच्या कामात शिरणाऱ्यानं सगळ्यात आधी हे शिकायचं असतं.

आता घरात कुणी म्हणेल, ही झाली समाजसेवा, यात संशोधन कुठे आलं? त्यांना मुंबईचंच उदाहरण द्या. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. वस्त्यांचे वीस गट पाडले. निम्म्या गटांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी करत, उरलेल्या गटांना कर्करोगाची माहिती दिली गेली. मॅमोग्राफी नाही, महागडं काही नाही. वीस वर्षांच्या नोंदींवरून निघालेले निष्कर्ष २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. तपासणी न झालेल्या गटात ज्यांना कर्करोग निघाला, त्यांच्यापैकी ४७ टक्के बायका तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडल्या होत्या. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनकर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. सगळ्या वयोगटांचा मिळून फरक १५ टक्के आला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. संशोधकांनी तेही स्पष्ट लिहिलं.

या सगळ्याचा पाया कोणता? सेविकांनी दारोदार जाऊन भरलेले फॉर्म. कोण घर सोडून गेलं, कोणाचा मृत्यू कशानं झाला, हे वीस वर्षं कुणीतरी विचारत राहिलं, म्हणून जगाला आकडे मिळाले. या कामाला अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचंही अनुदान मिळालं होतं.

आता पैशाकडे वळू, कारण तुमची काळजी तिथे आहे आणि ती रास्त आहे. 'सरकारी प्रोजेक्ट' म्हणताना आपण तीन वेगळे पैसे एकत्र करतो.

पहिला संस्थेला मिळणारा नियमित पैसा. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टनं उभारलं. १९६२ पासून त्याचा कारभार केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, म्हणून तिथल्या जाहिरातींवर अणुऊर्जा विभागाचं नाव दिसतं. या पैशावरच्या जागा नियमित असतात, पण थोड्या निघतात.

दुसरा योजनेचा पैसा. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनतपासणी येते. हा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के असतो. इथल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात, पण योजना वर्षानुवर्षं चालते.

तिसरा पैसा म्हणजे संशोधनाची ग्रँट, म्हणजे अनुदान. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, २०२३ च्या कायद्यानं आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, अशा संस्था प्रस्ताव मागवतात. एखादा डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ एक ठरावीक प्रश्न घेऊन अर्ज करतो. त्याला मुख्य संशोधक किंवा पीआय म्हणतात. मंजुरी मिळाली की ठरलेल्या वर्षांसाठी पैसे येतात. तुमच्या चुलत दिरांचा मुलगा बहुधा या तिसऱ्या पैशावर होता.

या ग्रँटचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण शिस्त तुमच्या पतपेढीसारखीच आहे. मनुष्यबळ, उपकरणं, रसायनं, प्रवास, किरकोळ खर्च, प्रत्येकाचं हेड वेगळं. एका हेडचे पैसे परस्पर दुसऱ्यात वळवता येत नाहीत. हप्ता येतो, खर्च होतो, मग खर्चाचं विवरण, कामाचा अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं. ऑफिसात सगळे त्याला 'यूसी' म्हणतात. यूसी अडकलं की पुढचा हप्ता अडकतो, आणि हप्ता अडकला की प्रोजेक्टवरच्या मुलांचा पगार लांबतो. असं होतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. प्रोजेक्टवर असलेल्या मुलीच्या खात्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च शिल्लक हवाच.

मग सरकारनं असा मोजूनमापून पैसा द्यायचाच कशाला? एक उदाहरण देते. स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या आधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देणारं साधं औषध टोचलं तर पुढे फरक पडतो का, हा प्रश्न टाटाच्या डॉक्टरांनी हातात घेतला. देशातल्या ११ केंद्रांवर १,६०० बायकांवर चाचणी झाली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. हे औषध जुनं आणि स्वस्त आहे, त्यात कुणा कंपनीला फारसा नफा नाही. अशा प्रश्नावर वर्षानुवर्षं पैसे घालायला सार्वजनिक पैसाच लागतो, आणि इथे तो अणुऊर्जा विभागाचा होता. तुमच्या बहिणीसारख्या बायकांच्या उपयोगी पडणारं कितीतरी संशोधन असंच उभं राहतं. म्हणून 'ग्रँटवरचं काम' म्हटलं की ते दुय्यम, असं मला कधीच वाटलेलं नाही.

आता जाहिरात कशी वाचायची ते सांगते. आयसीएमआरच्या पैशावरच्या जागेची जाहिरात साधारण अशी असते: 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३, एक पद, २८,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता, निव्वळ तात्पुरती नेमणूक, नियमित नोकरीवर हक्क राहणार नाही, वॉक-इन मुलाखत.' मुलं पगाराचा आकडा बघतात आणि रांगेत उभी राहतात. मुलाखतीत मुलीनं स्वतःहून विचारावं: प्रोजेक्टची किती वर्षं उरली आहेत? पीआयकडे दुसरे प्रोजेक्ट चालू आहेत का? मला नमुने इकडून तिकडे पोचवायचे आहेत, की नोंदी आणि विश्लेषणही करायचं आहे? सहा महिने उरलेल्या प्रोजेक्टवर नुसतं फॉर्म भरायला जाण्यात अर्थ नाही.

कारण ग्रँट बंद झाली तरी ज्याला पुढच्या ग्रँटमध्येही बोलावतात, असा माणूस प्रत्येक विभागात असतो. त्याला डेटा स्वच्छ ठेवता येतो, एथिक्स कमिटीचे कागद तयार करता येतात, संमतीपत्र बाईला तिच्या भाषेत, घाई न करता समजावता येतं, संख्याशास्त्राची निदान एक-दोन सॉफ्टवेअर चालवता येतात. पीआय नवा प्रस्ताव लिहायला घेतो तेव्हा मनुष्यबळाच्या हेडखाली त्याच्या डोळ्यांसमोर हाच माणूस असतो. तुमच्या चुलत दिरांच्या मुलाला त्या प्रोजेक्टवर यातलं काय शिकायला मिळालं, ते एकदा प्रेमानं विचारा. बरंच शिकला असेल तर त्याचाही मार्ग बंद झालेला नाही.

तुमच्या मुलीसमोर मुख्य वाटा दोन. एक प्रयोगशाळेची: एम.एस्सी., मग नेटची परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. मग खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्थेत पीएच.डी. हे काम मोलाचं आहे, पण पाच-सहा वर्षं चिकाटी मागतं. तुमच्या पत्रात मात्र मुलीच्या प्रयोगशाळेचा उल्लेख एकदाही नाही. तिचा कल माणसांकडे आणि नोंदींकडे दिसतो.

म्हणून मी दुसऱ्या वाटेचा आग्रह धरीन: सार्वजनिक आरोग्य आणि रोगपरिस्थितीशास्त्र, म्हणजे एपिडेमिऑलॉजी: आजार कुणाला, किती आणि का होतो याचा अभ्यास. देवनारला टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, एम.पी.एच. ही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे, तिथल्या एका शाखेचं नावच सोशल एपिडेमिऑलॉजी आहे. जवळच आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. आकड्यांची आवड असेल तर तेही बघावेत, फक्त पदवीला गणित-संख्याशास्त्र लागतं का ते आधी तपासावं. भांडुपहून कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी, म्हणजे घरी राहून शिकता येईल. प्रवेशाचे नियम अलीकडे बदलत राहिले आहेत, तेव्हा कुणाच्या सांगण्यावर न जाता त्या त्या संस्थेची चालू वर्षाची सूचनाच वाचा.

बी.एस्सी. झाल्या झाल्या प्रोजेक्टच्या नोकरीत शिरणं मला पसंत नाही. प्रवेश हुकला तर एक वर्ष अनुभव म्हणून करावं, पण त्याहून जास्त नको. पदव्युत्तर पदवी नसेल तर खालच्याच पदावर एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर फिरत राहावं लागतं, आणि वय वाढतं तशी हिंमत खचते. 'ग्रँट रायटिंग'ची महागडी ऑनलाइन सर्टिफिकेटं विकणाऱ्यांपासूनही दूर राहा. प्रस्ताव लिहायला माणूस पीआयच्या हाताखाली शिकतो.

करिअरच्या बाहेरचं एक सांगते, आगाऊपणा वाटला तर माफ करा. सख्ख्या बहिणीला हा आजार झालाय, तर तुम्ही स्वतः डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि तुमची तपासणी केव्हा, किती दिवसांनी करायची ते विचारून ठेवा. मुलीच्या बाबतीतही त्यांनाच विचारा.

बँकेच्या परीक्षा आणि बी.एड. यांना माझा विरोध नाही. पण मन दुसरीकडे असलेली मुलगी वर्ग नीट घेणार नाही, आणि बँकेच्या परीक्षेलाही मन लावून अभ्यास करणाऱ्यांशीच गाठ आहे. तुमच्या पत्रात मला एक आकडा मिळाला नाही, तो म्हणजे मुलीच्या पगाराशिवाय घर किती वर्षं आरामात चालेल. दोन वर्षं चालत असेल तर तिला एम.पी.एच.ला पाठवा, दुसरा विचार नको. चालत नसेल तर पहिल्या वर्षी नोकरी आणि सोबत प्रवेशाची तयारी, असं करू. शिष्यवृत्त्या आणि फीमाफीचे अर्ज कधी निघतात ते संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर नीट उत्तर मिळत नाही. मोठं शैक्षणिक कर्ज काढून खासगी विद्यापीठातली एम.पी.एच. करायला मात्र मी सांगणार नाही. या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या पगारात तो हप्ता जड जातो, हे तुम्हाला हिशेब मांडल्यावर लगेच दिसेल.

तुम्ही, मिस्टर आणि मुलगी, तिघं बसून तो आकडा काढा. मग तिला तिच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन मला लिहायला सांगा, म्हणजे कुठे आधी अर्ज करायचा ते ठरवता येईल.