गिलाव्याआधी सळई बघा
(वाचकांचे प्रश्न : घर-बांधकाम)

प्रश्न : अलिबागला आमचं 1989 सालचं, तळमजल्याचं आरसीसी घर आहे. स्वयंपाकघरात स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसू लागल्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, गंज घासतो, रसायन लावतो, प्लॅस्टर मारतो, वरून वॉटरप्रूफिंग करतो. मुलाला वर एक मजला चढवायचा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायलाच हवा का? त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?

उत्तर : हवाच, आणि कंत्राटदाराने आणलेला नको. तपासणारा आणि दुरुस्ती करणारा एकाच खिशातले असले की अहवाल कोटेशनला साजेसा निघतो. फी ठोक ठरवा, चाचण्यांचे दर नगावर. दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्केवारीवर तपासणीची फी देऊ नये. खर्च फुगवण्यात त्याचाच फायदा होतो.

तोवर त्या भागाखाली वावर बंद ठेवा. स्लॅब झोल खात असेल तर टेकू लावा, पण वर आणि खाली आडवी फळी देऊन, आधारापुरताच. पाचर ठोकून स्लॅब उचलायला जाऊ नका. मधल्या भागात वरच्या अंगाला सळया सहसा नसतात, त्यामुळे उचलला की वरून तडा जातो.

पहिल्या भेटीत तो छोट्या हातोडीने छत, तुळया, कॉलम ठोकत फिरला पाहिजे. जिथे बद्द आवाज येतो तिथे आतून सुटलेलं असतं. ती जागा नकाशावर खुणावून ठेवायची. वीस मिनिटांत चार फोटो काढून जाणारा असेल, तर दुसरा शोधा.

चाचण्यांची नावं ऐकून दबून जाऊ नका, तुमच्यासाठी मोजक्याच कामाच्या आहेत. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा हातोडा) सगळे मारतात; स्वस्त आहे, पण जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने टणक झालेला असतो, म्हणून आकडा खोटा चांगला येतो. प्लॅस्टरवर मारलेला हॅमर तर मोजूच नका. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असला तर बरं, खाली असला तर शंका. तरी खात्री कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढल्यावरच होते : आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही 75 च्या खाली नको. कोअर काढताना सळई कापली जाऊ नये म्हणून आधी कव्हरमीटर (आतली सळई शोधणारं यंत्र) फिरवायला सांगा.

अलिबागसारख्या खाऱ्या हवेत सर्वांत महत्त्वाची चाचणी मात्र क्लोराइडची, म्हणजे काँक्रीटमध्ये मुरलेल्या खाराची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीन हे रंग बदलणारं द्रावण फवारलं आणि ते गुलाबी झालं, तर तेवढा भाग अजून अल्कलीयुक्त आहे, म्हणजे सळईला गंजापासून जपणारा. रंग आलाच नाही तर कार्बोनेशन झालंय, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने ती अल्कली संपवली आहे. पण क्लोराइड या फवाऱ्याला दिसत नाही. काँक्रीट गुलाबी आणि सळई गंजलेली, असंही होतं. म्हणून सळईच्या खोलीवरची भुकटी प्रयोगशाळेत पाठवा. आरसीसीसाठी काँक्रीटच्या घनमीटरला 0.6 किलो क्लोराइड ही मर्यादा आहे. त्याहून जास्त निघालं, तर ठिगळ लावून भागत नाही. गंजणारी जागा शेजारच्या सळईला आपसूक वाचवत असते. तिथे नवं ठिगळ बसलं की तो आडोसा जातो आणि ठिगळाच्या कडेने गंज सुरू होतो. दोन-चार पावसाळ्यांत 'मागच्या वर्षी तर केलं होतं' ही तक्रार येते, ती यातूनच.

आता सळई. उघडी सळई वायर ब्रशने चकचकीत करून कॅलिपरने मोजायला लावा. 10 मिमीची 9 उरली तर क्षेत्रफळ 19 टक्के घटलं. 8 उरली तर 36 टक्के. डोळ्यांना फरक एका मिलिमीटरचा दिसतो, म्हणून मोजायचं. घट पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेली की साधारणपणे जोडीला नवी सळई लागते. दुरुस्तीत सळईच्या मागेही बोटभर काँक्रीट काढलं पाहिजे. समोरून घासून रंग मारला तर मागची बाजू गंजतच राहते, आणि तुमचा कंत्राटदार नेमकं तेच सुचवतोय.

मजल्याचा विचार निकालानंतर. कॉलमशेजारी दोन ठिकाणी खड्डा घेऊन फूटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) आकार आणि खोली बघावी लागेल. त्या काळच्या घरांत नऊ इंची, म्हणजे 230 मिमीचे कॉलम सर्रास दिसतात. 2016 च्या आयएस 13920 या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकात कॉलमची किमान बाजू 300 मिमी आहे. जॅकेटिंग करून, म्हणजे कॉलमभोवती नवं काँक्रीट-सळयांचं आवरण घालून, जमू शकतं, पण हिशेब कागदावर मागा.

अहवालात प्रत्येक खोलीचा नकाशा, चाचणीची जागा आणि दुरुस्तीचं परिमाण (किती चौरस मीटर, किती सळई) असलं पाहिजे. 'आवश्यक ती दुरुस्ती करावी' एवढ्यावर सही घेऊ नका.

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या सोसायटीला 31 वर्षं झाली. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) 'सी-2बी' ही श्रेणी आली. घर सोडावं लागेल का?

उत्तर : नाही. सी-1 म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-2ए मध्ये रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणे. सी-2बी मध्ये माणसं न हलवता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-3 मध्ये किरकोळ. तिशी ओलांडलेल्या इमारतीची तपासणी कायद्यानेच लागते (मुंबईच्या महापालिका कायद्यात कलम 353-ब, ठाण्यासारख्या महापालिकांच्या कायद्यात 265-अ). गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. सी-2बी दुरुस्तीविना पडून राहिलं, तर पुढच्या ऑडिटला सी-2ए व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : तुळईच्या खाली भिंतीवर आडवी चीर दिसते. घाबरावं का?

उत्तर : बहुतेकदा नाही. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या मापाने आकुंचन पावतात, म्हणून त्या सांध्यावर चीर येते. प्लॅस्टर खरवडून कोंबडजाळी मारून पुन्हा गिलावा केला की मिटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, वर रुंद आणि खाली बारीक चीर मात्र पाया बसल्याची असू शकते. तिच्यावर आडवी काचपट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे; पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा बघा.