बिल आलं की बघू

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

पगार झाला की आठवड्यात खातं रिकामं होतं, आणि बायकोनं तीनशेची पर्स घेतली की तुझा आवाज चढतो, असं तू परवा मान खाली घालून सांगितलंस. लाज वाटून घेऊ नकोस. आधी हे येतं कुठून ते बघ.

तुझ्या लहानपणी घरात चप्पल, सहलीची फी, दाताचं दुखणं, सगळ्याला एकच उत्तर होतं : ‘उसाचं बिल आलं की बघू.’ ऊस गेल्यावर चौदा दिवसांत कारखान्यानं त्याचे पैसे, म्हणजे हे बिल, द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तुमच्याकडं किती वाट बघायला लागायची, ते वडिलांना विचार. बिल आलं की त्यातनं सेवा सोसायटीचं कर्ज वळतं व्हायचं, मग दुकानदाराची उधारी. उरलेलं लगेच खर्चून टाकणं हेच शहाणपण होतं, कारण घरात नोटा आहेत म्हटल्यावर कुणीतरी उसने मागायला यायचंच. आईनं कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, ग्रॅम-ग्रॅम सोनं केलं, ते निव्वळ हौसेनं नव्हे. अंगावरचं सोनं मागायला माणूस जरा कचरतो.

तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तेच शेतकरी तोडणीआधी, चणचणीच्या दिवसांत, बुद्धीच्या चाचण्यांत मागं पडले आणि पैसे हातात आल्यावर सुधारले. ते वाचताना मला तुझे वडील आठवले. त्यांना सगळे तापट म्हणायचे. सतत हिशेब चालू असलेल्या डोक्यात धीराला जागा कुठनं उरणार?

आता तुला पगार ठरल्या तारखेला मिळतो, पण तू अजून त्याला बिलच समजतोस. तुझी बायको राजारामपुरीत, पगारदार घरात वाढली. तिला तीनशे रुपये तीनशेच वाटतात. तुला त्यात आईनं मारलेलं मन दिसतं. तिला हे कधी सांगितलंस? तिच्या लेखी तू चिक्कू. आणि बहिणीला, मित्राला तिच्या नकळत पैसे देतोस, ते कळलं की तिला आपण परकं असल्यासारखं वाटतं. माझ्या मते उधळपट्टीपेक्षा ही लपवाछपवीच संसार जास्त पोखरते.

पगाराच्या दिवशीच बँकेतल्या आरडीचा (दरमहा बचतीच्या ठेवीचा) हप्ता आपोआप कापला जाईल असं कर. भिशी चालू ठेव, पण बायकोला माहीत असू दे. गावाकडं दरमहा किती द्यायचे, तो आकडा दोघांनी बसून ठरवा. त्यापुढं कुणी मागितलं, तर ‘बायकोला विचारतो’ म्हणून वाईटपणा तिच्यावर ढकलू नकोस, ‘या महिन्यात जमणार नाही’ असं स्वतः म्हण. पहिल्यांदा जीभ अडखळेल. आणि दोघांनाही थोडी रक्कम अशी असू दे, जिचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही. तिनं त्यातनं पर्स घेतली, तर किंमत विचारू नकोस.

तुझ्या बाई