‘वडिलांची सही आण’

मागच्या वेळी परीक्षेच्या ताणावर लिहिलं, तेव्हा वाटलं होतं मुलांची पत्रं येतील. आली ती प्राध्यापकांची. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : एस.वाय.ला असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या शेतकरी वडिलांनी दिवाळीच्या तोंडावर आत्महत्या केली. गंधमुक्तीचा विधी झाला आणि चार दिवसांनी तो कॉलेजला आला. काय बोलावं सुचत नाही, म्हणून मी बोलतच नाही. वर्गात श्रद्धांजली ठेवू का? मुलांना एकत्र बसवून मन मोकळं करायला लावू का? – एक प्राध्यापिका, चोपडा

दोन्ही नको. श्रद्धांजली त्याला विचारल्याशिवाय ठेवायची नाही. तो चार दिवसांनी आला, कारण कॉलेज ही एकच जागा उरली आहे जिथे तो ‘त्या घरातला मुलगा’ नाही. तिथेही त्याला उभं करून साठ जणांनी खाली मान घालायची, हे कुणासाठी? आणि घटना घडली की लगेच सगळ्यांना गोळा करून ‘काय वाटलं ते सांगा’ म्हणायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही नको म्हटली आहे. त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची रीत साधी आहे : बघा, ऐका, जोडून द्या. ऐका म्हणजे तो बोलला तर. उकरून काढायचं नाही.

पण गप्प राहणंही चुकतंय. तुम्ही नजर चुकवता ते त्याला दिसतं. तास सुटल्यावर व्हरांड्यात, इतर मुलं पांगल्यावर, दोन वाक्यं पुरतात : ‘ऐकलं मी. फार वाईट झालं. अभ्यासाचं काय राहिलंय ते आपण दोघं बघू, घाई नाही.’ तो घरी अहिराणी बोलत असेल आणि तुम्हाला येत असेल, तर ‘कसा शे भाऊ?’ एवढंही चालेल. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे मात्र म्हणू नका. दारावर येणाऱ्या प्रत्येकाने ते त्याला ऐकवलेलं असतं.

खरी परीक्षा असते ऑफिसच्या खिडकीपाशी. मी पाहिलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. कॉलेजचं नाव सोडा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. खिडकीतून आवाज आला, ‘वडिलांची सही आण.’ मागे वीसेक जणांची रांग. मुलगा ‘हो’ म्हणाला आणि गेला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो आलाच नाही, फॉर्मची मुदत संपली. क्लार्क दुष्ट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ऑफिसात आधी तुम्ही जा. आईची सही चालेल का, मृत्यूचा दाखला किती वेळा मागणार, हे तुम्हीच विचारून या.

वर्गातही थोडं बदला. झोप नीट नसली की ऐकलेलं डोक्यात टिकत नाही, त्याला आळस समजू नका. सबमिशनची तारीख तोंडी सांगता तशीच कागदावरही द्या. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत, तो शेतात असणार, त्याच्या गैरहजेरीकडे त्या हिशेबाने बघा. महिना उलटल्यावरही तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, दचकणं आणि टाळणं थांबत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ गाठायला हवेत. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग आहे. ‘मानसोपचार’ हा शब्द गावात जड वाटतो, म्हणून पहिल्यांदा कुणी तरी सोबत गेलेलं बरं.

प्रश्न : तीस वर्षं शिकवतोय. आमच्या वेळी असले लाड नव्हते. आता जो तो ‘सर, स्ट्रेस आहे’ म्हणून सबमिशन पुढे ढकला म्हणतो. सगळ्यांना सवलत दिली तर शिस्त कुठे राहिली? – एक ज्येष्ठ प्राध्यापक, जळगाव

सर, निम्मं तुमचं बरोबर आहे. ज्याचं घर अचानक उलटंपालटं झालंय त्याला ढिला वर्ग नकोच असतो. वेळेवर सुरू होणारा आणि सांगितलं तेच करणारा वर्ग त्याला हवा असतो. घरात काय होईल याचा भरवसा नाही, निदान बुधवारी अकराला तुमचा तास होईल याचा असतो. तेव्हा तुमची शिस्त इथे उपयोगाचीच आहे.

उरलेल्या निम्म्यावर मात्र वाद घालतो. ‘आमच्या वेळी’ ज्यांना झेपलं नाही ती मुलं स्टाफरूममध्ये येऊन सांगत नव्हती, कॉलेज सोडून जात होती. वर्ष संपताना हजेरीपटावर काही नावांपुढे नुसती रेघ असायची. त्यांची चौकशी कुणी केली?

सवलतीचा नियमच करून टाका. सत्राच्या सुरुवातीला जाहीर करा : प्रत्येकाला एकदा तीन दिवसांची मुदतवाढ, कारण विचारणार नाही. दुसऱ्यांदा हवी असेल तर येऊन बोला. मग आई आजारी आहे हे सिद्ध करायला कुणाला दवाखान्याचे कागद दाखवावे लागत नाहीत, आणि थापा मारायचीही गरज राहत नाही. दुसरं, हजेरीपटावरून एकदम कुणालाही उभं करून प्रश्न विचारणं सोडता आलं तर सोडा. आधी सांगा, ‘पाच मिनिटांनी या रांगेला विचारणार आहे.’ प्रश्न तोच राहतो, दचका जातो.

(मुदतवाढ मागणाऱ्यांत जास्त कोण असतात? माझ्या अनुभवात, यावलकडून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुली. त्यांचा ताण पुष्कळदा बसच्या वेळेत असतो. त्यावर समुपदेशन कशाला, तास वेळेवर सोडला तरी भागतं.)

प्रश्न : धडगावकडची एक मुलगी, घरी पावरी बोलतात. लेखी पेपर छान सोडवते, पण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक दिसले की थिजते, हात थरथरतात. घरचे उसतोडीला गुजरातेत जातात. हा मानसिक आघाताचा प्रकार असेल का? – एक प्राध्यापक, नंदुरबार

असेल, नसेलही. आदिवासी आहे, गरीब आहे, म्हणजे आघात असणारच, हे गृहीत धरू नका. तोही तिच्यावर मारलेला एक शिक्का होतो. परक्या माणसासमोर दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत उत्तर द्यायचं, एवढं कारणही पुरेसं आहे. भीती वाढली की शरीर पळतं, भांडतं किंवा थिजतं. ती थिजते.

कारण सापडायची वाट न बघता उपाय करता येतो. आदल्या दिवशी तिला ती खोली दाखवा, परीक्षक कुठे बसतील, ती कुठे बसेल ते सांगा. खुर्ची दाराजवळ ठेवा. पहिला प्रश्न तिच्या प्रयोगवहीतलाच असू दे, आणि तो तिला आधी माहीत असू दे. आणि ताण घालवायचा म्हणून वर्गात सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावत असाल, तर डोळे उघडे ठेवायची मुभा द्या. काही मुलांना डोळे मिटणंच असुरक्षित वाटतं.

प्रश्न : अकरावीतली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आधी शपथ घ्या, कोणाला सांगणार नाही.’ मी घेतली. आता काय करू? – एक शिक्षिका, शिरपूर

ती शपथ मोडावी लागेल, आणि ते तिला आधी सांगावं लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलीने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. स्वतः चौकशी करू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. मार्ग विचारायला चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर आहे. पुढच्या वेळी असं कुणी म्हटलं की उत्तर हे : ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला ते दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल. पण कोणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन.’

ती ‘जगायचं नाही’ असं काही बोलली असेल, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायची वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, तिच्या भरवशाचं माणूस बोलवा आणि तिला दवाखान्यात न्या.

प्रश्न : मुलांचं ऐकून ऐकून मलाच झोप लागत नाही. तासिका तत्त्वावर आहे, पगार कधी होईल माहीत नाही, आणि रात्री अकरालाही विद्यार्थ्यांचे फोन. – अमळनेर

तुम्ही सगळे फोन घेताय, कारण कॉलेजात दुसरं कुणी नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. प्राचार्यांपुढे हे लेखी ठेवा. एकट्याने देऊ नका, चौघांच्या सह्या घ्या. तासिकावाल्याने एकट्याने अर्ज दिला की पुढच्या वर्षी तास मिळत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

रात्री नऊनंतर फोन बंद ठेवा, आणि तसं मुलांना आधी सांगा. त्या वेळेसाठी त्यांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. झोपेचं दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर तुम्हीही तोच लावा. तिथे विद्यार्थी असल्याचा दाखला मागत नाहीत.