दौऱ्यावर निघालेल्या सुभद्रेस

चि. सुभद्रेस,

अनेक आशीर्वाद. 'संगीत सौभद्र'ची नायिका म्हणून पुढचे काही महिने सगळे तुला याच नावाने हाका मारणार आहेत, तेव्हा मीही तेच वापरतो.

तू विचारलं आहेस, प्रयोगाआधी गळ्याला काय द्यायचं? ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, कोमट पाणी, तुझ्या घशाला जे मानवतं ते घे. त्याने बिघडत काही नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं सुधारतही नाही. मी इतकी वर्षं विंगेलगत ऑर्गनवर बसून गाणाऱ्यांचे गळे ऐकत आलो. (ऑर्गनवाल्याला गायकाचा श्वास आधी कळतो, सूर नंतर.) माझं मत असं झालंय की दौऱ्यावर आवाज गाण्याने बसत नाही. पडदा पडल्यापासून डोळा लागेपर्यंत जे दोन-तीन तास जातात, त्यांत तो बसतो. त्या तासांबद्दल तुला कोणी काही शिकवलेलं नाही. गुरुजींनीही नाही, कारण ते मैफलीचे. मैफल संपली की माणूस घरी जातो.

पडदा पडला की अंगात वारं असतं. दागिने उतरायच्या आत रंगपटाच्या दारात माणसं जमतात. मागे नेपथ्य उतरवायची ठोकाठोक सुरू झालेली असते, फळ्या आपटत असतात, 'गाडी मागे घ्या' म्हणून कोणी ओरडत असतं. त्या गोंगाटावर आवाज चढवून तू अर्धा-पाऊण तास बोलतेस. गाऊन स्वरतंतूंना थोडी सूज आलेली असते, पण भरात ती कळत नाही. मग साडेबाराला कोणाच्या तरी घरी तांबडा रस्सा, आणि लगेच बसमध्ये आडवं व्हायचं. पोटातलं आम्ल वर चढून घशाशी येतं, डोक्यावर एसीचा झोत असतोच. सकाळी आवाज घोगरा. सगळे म्हणणार, काल फार गायलीस. गायलीस बेताचंच, बोललीस मात्र फार.

म्हणून पडदा पडला की आधी मेकअपच्या खुर्चीत बसायचं आणि केस सोडवले जात असताना तोंड मिटून पाच मिनिटं हलकं गुणगुणायचं, वरून खाली, मंद्र सप्तकाकडे उतरत. दार त्यानंतर उघडायचं. रसिक तेवढं थांबतात. जे थांबत नाहीत ते सेल्फीसाठी आलेले असतात. बोलताना कुजबुजू नकोस. कुजबुजण्याने गळा वाचतो हा गैरसमज आहे, उलट स्वरयंत्र आवळलं जातं. जवळ जाऊन साध्या आवाजात, थोडं बोल. सारखं खाकरायचं तर अजिबात नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो. विंगेत बाटली घेऊन उभं राहण्याची आता फॅशन झालीय, पण प्यायलेला घोट स्वरतंतूंवरून जात नाही, तो अन्ननलिकेतून जातो. तोंडाची कोरड जाते इतकंच. शरीरात मुरून तो गळ्याच्या कामी यायला काही तास लागतात. म्हणजे रात्री साडेआठच्या प्रयोगाचं पाणी सकाळपासून प्यायला हवं. नेमकी इथेच बायकांची अडचण होते. बसने सात तास जायचं, वाटेत धड स्वच्छतागृह नाही, काही नाट्यगृहांतली स्थिती तर विचारूच नकोस. म्हणून कंपनीतल्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. पुरुष व्यवस्थापकांच्या हे लक्षातही येत नाही. तू पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग: दर दोन तासांनी गाडी थांबवायची, आणि कुठे थांबवायची ते मुली ठरवतील. यात लाजण्यासारखं काही नाही. नायिकेने हे मागितलं की कोरसमधल्या पोरींचीही सोय होते.

आता एक जुनी गोष्ट. तुझा ताप शंभरच्या वर गेला की कोणीतरी ती तुला ऐकवणारच, म्हणून मीच आधी सांगतो. १९११ साली मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले, प्रयोग झाला. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण ती सांगितली जाते कशासाठी? बहुतेक वेळा, खेळ रद्द झाला तर भाड्याचे पैसे बुडतील म्हणून. दुःख गिळून गाता येतं, सुजलेल्या स्वरतंतूंनी गाता येत नाही. आवाज पार बसला असताना कोणी डॉक्टरला न दाखवता 'एक गोळी घे, तासाभरात मोकळा होईल' म्हणालं तर घेऊ नकोस. ती बहुधा स्टेरॉइडची असते. सूज दबते, दुखापत तिथेच राहते, आणि तू त्यावर अडीच तास गातेस. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचंही तसंच. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि जोरात गाताना स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा नंबर जवळ ठेव. पदं कमी करून प्रयोग होऊ शकतो. सौभद्राच्या मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत, आज कोण सगळी गातं? आणखी एक कापलं म्हणून ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर रागावणार नाहीत.

त्या काळची आणखी एक बाजू कोणी सांगत नाही. गंधर्व नाटक मंडळी काय, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श काय, या कंपन्या एका गावात मुक्काम टाकत. बिऱ्हाड, मुदपाकखाना, तालीम, सगळं तिथेच. खेळ आठवड्यातल्या ठरलेल्या दोन-तीन रात्री. खेळ पहाटेपर्यंत चालायचा हे खरं, पण दुसऱ्या दिवशी माणूस दुपारपर्यंत झोपू शकायचा. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, पगारी, रोजचे. तुमचा प्रयोग अडीच-तीन तासांत आटपतो, पण आज नागपूर, उद्या दुपारी अमरावती, परवा अकोला. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर एका दिवसात म्हटल्यावर व्यवस्थापकांच्या डोळ्यांत चमक आलीय. रस्ता चांगला झाला की कलाकाराला विश्रांती जास्त मिळेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात तारखा वाढल्या. तू करारात एवढंच लिहून घे: सलग तीन दिवसांनंतर एक दिवस मोकळा, आणि प्रयोग आयोजकांकडून रद्द झाला तर अर्धी नाईट, म्हणजे प्रयोगाचं अर्धं मानधन. दोन्ही मिळणार नाहीत. पहिलं मिळालं तरी पुष्कळ.

बसमध्ये अंताक्षरी होणार. इंजिनाच्या घरघरीवर गाणं म्हणजे प्रयोगाइतकीच मेहनत, आणि तीही बिनतालमीची. पण खिडकीला डोकं टेकून, कानात बोंडं घालून बसलीस तर तिसऱ्या दिवशी 'बाई स्वतःला समजतात कोण' सुरू होईल. पंच हो. गुण लिहायचे, भांडणं लावायची. सगळ्यांत असतेस आणि गात नसतेस.

आता रसिक. तुला त्यांची भीती वाटते असं लिहिलंयस. सौभद्र १८८२ पासून चाललंय, त्यामुळे तुझ्या प्रत्येक पदावर आधीच्या कोणाचा तरी हक्क आहे. 'वद जाऊ कुणाला शरण' संपलं की पहिल्या रांगेतले आजोबा रंगपटात येऊन सांगणारच की आमच्या वेळी अमक्या बाई हे कसं म्हणायच्या. तुझ्या वयाची मुलं यावर हिरमुसतात नाहीतर मान हलवून सटकतात. तू त्यांना बसायला खुर्ची दे आणि विचार, 'त्या कोणती जागा, म्हणजे कोणती खास सुरावट घ्यायच्या, म्हणून दाखवता?' मग ते दहा मिनिटं बोलतील, थरथरत्या आवाजात दोन ओळी म्हणतीलही. तेवढा वेळ तुझा गळा गप्प, आणि एखादवेळी अशी जागा हाती लागते जी कुठल्याही ध्वनिमुद्रिकेत नाही. प्रयोगानंतरची गर्दी निभवायची सगळ्यांत चांगली युक्ती मला हीच सापडली आहे: एक प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं. लोकांना तुझ्याशी बोलायचं असतं, तू बोललीच पाहिजेस असं नाही.

वन्समोअरचं आधी ठरवून ठेव. पहिल्या अंकात नाही, नुसतं हसून नमस्कार. पुढे मिळालाच तर पूर्ण पद पुन्हा नको. ऑर्गनवाल्याला खूण कर, अंतरा उचल, एक वेगळी जागा घे, आणि समेवर येऊन थेट पुढच्या वाक्यावर जा. सुभद्रा संकटात आहे, ती टाळ्या मोजत उभी राहिली तर नाटक तिथेच संपतं.

सगळ्यांत घातक रसिक म्हणजे प्रेमळ यजमान. 'प्रयोगानंतर आमच्याकडेच जेवायला' म्हणून नेतात, पुरणपोळी वाढतात, आणि ताट उचलायच्या आत पेटी बाहेर येते: 'दोनच ओळी, आमच्या आईसाठी.' आई खरंच बसलेली असते, ऐंशी वर्षांची, हात जोडून. तिथे नाही म्हणणं कोणाला जमतं? म्हणून जाऊच नये. जेवण डब्यात पाठवा म्हणावं आणि आईंना उद्याच्या नाश्त्याला भेटावं. नकार व्यवस्थापकाने द्यायचा, ते त्याचं काम आहे. आणि जेवण झाल्यावर निदान दोन तास आडवं व्हायचं नाही. ते जमणार नसेल तर रात्री वरण-भात, मूठभर, बस्स.

उरलेलं कोरडेपणाने सांगतो, कारण ते कोरडंच आहे. भेटायला कोणी आलं की रंगपटाचं दार उघडं, आणि कपडेपटाच्या ताई आत. फोन नंबर द्यायचा नाही, मुक्काम कुठे ते सांगायचं नाही, आणि त्या गावातले फोटो गाव सोडल्यावर टाकायचे. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणाऱ्या आजी वेगळ्या. खांद्यावर हात टाकून फोटो मागणारा, मग तो आयोजक असो की नगरसेवक, त्याला 'असे उभे राहू' म्हणून एक पाऊल बाजूला सरकायचं. तरी ऐकलं नाही तर मोठ्याने बोलायचं. त्या वेळी गळ्याची काळजी करू नकोस.

मागच्या माणसांविषयी. तू भेटीगाठी घेतेस तेव्हा नेपथ्याची मुलं फळ्या बसच्या टपावर चढवत असतात. दागिन्यांची पेटी बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि ते दागिने तुझ्या अंगावर असतात. बाहेर कितीही गर्दी असो, आधी नऊवारी आणि दागिने कपडेपटात परत, मग भेटी. ध्वनीवाल्या मुलाला नावाने ओळख. माईक तुझ्या कपाळाशी केसांत बसवायचा की गळ्याशी, तो केवढा उघडायचा, हे त्याच्या हातात. तो खूश असेल तर तुला चौथ्या रांगेपर्यंत ओरडावं लागत नाही.

कोकण-गोव्याच्या दमट हवेत तबल्याची शाई-पुडी सैलावते आणि सूर उतरतो. ऑर्गन जिथल्या तिथे असतो. मधल्यामध्ये तू लोंबकळतेस. तिसऱ्या घंटेच्या आधी तबलजी पुन्हा ठोकून घेतो की नाही ते बघ, आणि तो बदली असेल तर वीस मिनिटं त्याच्याबरोबर बस, लयी सांग. पट्टीचा, म्हणजे आपला सा कुठल्या सुरावर धरायचा त्याचा, हट्ट धर. अर्जुन पांढरी दोनमध्ये (पेटीची दुसरी पांढरी) गातो म्हणून तू आपली पट्टी खाली आणायची नाही. त्याच्या आणि तुझ्या पदांमध्ये गद्य आहे, ऑर्गनवाला तेवढ्यात पट्टी बदलतो, त्याला ते आलंच पाहिजे.

गोव्यात फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात तुमचा शेवटचा प्रयोग आहे म्हणतेस. तिथे समोर बसलेल्यांत असे पुष्कळ निघतील ज्यांनी गावच्या देवळाच्या उत्सवात स्वतः सौभद्र केलंय, कोणी नारद, कोणी कृष्ण, आणि पन्नाशीतला एखादा तरुणपणी सुभद्राच झालेला. ते तुझ्याबरोबर ओठ हलवतील. घाबरू नकोस, ती परीक्षा नाही, त्यांना राहवत नाही म्हणून. तिथे मात्र प्रयोगानंतर जरा जास्त वेळ थांब आणि ऐक; मंगेशी, कवळे, मार्दोळच्या माणसांना चाली अशा माहीत आहेत की पुस्तकात सापडणार नाहीत. डायरीत नोटेशन लिहून ठेव आणि मला दाखव.

प्रयोग कसा झाला ते कळवायला त्या रात्री फोन करू नकोस. दुसऱ्या दिवशी दहानंतर कर.

तुझा
ऑर्गनवाला काका