वाचकांचे प्रश्न : फडातल्या बाईची बातमी

प्रश्न : बीडच्या ऊसतोड बायांवर लिहायचं म्हटलं की आमचं साप्ताहिक गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया आणि डोक्यावर मोळी घेतलेला फोटो यापुढे जात नाही. वेगळं काय विचारावं?

उत्तर : आधी हिशेब विचारा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात देतो, टनामागची मजुरी कोयत्याच्या नावावर पडते आणि उचलीत वळती होते. तिने बांधलेल्या मोळ्या, भरलेली गाडी वेगळी कुठेच मांडलेली नसते. वहीत नाही म्हणून बातमीतही नाही. उचल किती, ठरली तेव्हा ती हजर होती का, खाड्याचे (गैरहजर दिवसांचे) किती कापले, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे कोणाकडे राहिले, हे तिलाच विचारा. मुकादम शेजारी उभा असेल तर नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारून परत या.

उसाच्या फडात बोलत बसलं की टनेज बुडतं. म्हणून ती तुटक बोलते आणि वार्ताहर तिला ‘अबोल’ करून टाकतो! गाडी कारखान्याकडे गेल्यावर कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) भेटा, नाहीतर पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या गावी परतल्यावर सावकाश बसा.

शस्त्रक्रियेचा विषय सोडू नका, पण नीट मांडा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सुमारे १७ टक्के. ‘गर्भाशय नसलेल्या बायांचं गाव’ छापाच्या मथळ्यांत उरलेल्या ८३ टक्के दिसत नाहीत, आणि या १७ टक्क्यांमागची कारणंही नाहीत. शस्त्रक्रिया कितव्या वर्षी झाली, डॉक्टरांनी कोणता आजार सांगितला, सोनोग्राफी झाली का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, पैसे कोणाकडून उचलले, हे विचारा. तिची हरकत नसेल तर डिस्चार्ज कार्ड पाहा. नाव, गाव आणि चेहरा मात्र छापू नका. लहान गावात ओळख पटायला यांतलं एकही पुरे होतं.

प्रश्न : सरकारी आकड्यांत बायका लग्नामुळेच स्थलांतर करतात. मग मजुरीला जाणाऱ्या कुठे गेल्या?

उत्तर : २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत ८६.८ टक्के स्थलांतरित स्त्रियांचं कारण लग्न आहे. आकडा खरा, पण तिथे आधीचं राहतं ठिकाण सोडण्याचं एकच मुख्य कारण नोंदतात. पाटोद्याहून शिरूर कासारला सून म्हणून आलेली बाई दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरकडे तोडीला जात असली, तरी तिच्या नावापुढे कारण ‘लग्न’ असंच नोंदलं जातं. पाच महिन्यांच्या हंगामाने राहतं ठिकाण बदललं असं धरत नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत एक ते सहा महिने कामासाठी बाहेर राहणाऱ्यांची वेगळी मोजणी होती. तोडीची बातमी करताना तसली मोजणी शोधा, ८६.८ चा तिथे उपयोग नाही.